११६ मतं आणि ६२ जागा

२००२ सालच्या नोव्हेंबरात मॉरिशसने न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांमधल्या आपल्या राजदूताला तडकाफडकी परत बोलावलं. जगदीश कुंजुल त्यांचं नाव. मॉरिशस तेव्हा सुरक्षा परिषदेवर दोन वर्षांसाठी निवडून आलेला होता, इराकवरच्या ठरावाची खलबतं चालू होती, आणि कुंजुल अमेरिकेच्या मसुद्याबद्दल पुरेसे उत्साही दिसत नव्हते. गुन्हा एवढाच. अमेरिकेच्या २००० सालच्या एका कायद्यामुळे मॉरिशसमध्ये शिवलेले कपडे तिथे जकातीशिवाय जात होते. सवलत घेणाऱ्या देशाने अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाला बाधा येईल असं काही करू नये, अशी अट त्या कायद्यातच होती. राजधानी पोर्ट लुईत बसलेल्यांनी हिशेब मांडला आणि आपल्याच माणसाचे कान उपटले.

२२ मे २०१९ रोजी कुंजुल पुन्हा त्याच पदावर होते. त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ब्रिटनच्या ताब्यातल्या चागोस द्वीपसमूहाच्या प्रश्नावर अमेरिका आणि ब्रिटन या दोघांच्या नाकावर टिच्चून मॉरिशसने ११६ मतं मिळवली. विरोधात पडली सहा: अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, हंगेरी, इस्रायल आणि मालदीव. ५६ देश तटस्थ राहिले. साधारण साडेबारा लाख वस्तीचा, ज्याला स्वतःचं लष्करही नाही असा हा देश. लहान तोंडी मोठा घास म्हणतात तो हा, आणि तो त्याने गिळून दाखवला.

आपल्याकडे मॉरिशस म्हटलं की मधुचंद्राचं पॅकेज आठवतं, नाहीतर गंगा तलावावरची महाशिवरात्र. शेअर बाजारातल्यांना आणखी एक गोष्ट आठवते, तिच्याकडे पुढे येतो. पण लहान देशाने जगात वावरावं कसं, याचा अभ्यास करायचा तर मला सिंगापूरपेक्षा मॉरिशस जास्त शिकवणारा वाटतो. त्याच्या परराष्ट्र धोरणाची बहुतेक ताकद घरातल्या जुन्या सुधारणांतून आलेली आहे. घरातल्या पुढच्या सुधारणा मात्र परदेशातल्या विजयांच्या आड बिनघोर पडून राहिल्या आहेत. शिवाय हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्याने जे तत्त्व मांडलं, ते स्वतःच्या उंबरठ्याच्या आत आणायला तो अजून कचरतो.

आधी चागोसची हकिकत, कारण तिच्यात दोन्ही गोष्टी आहेत. मॉरिशसपासून दोन हजार किलोमीटरहून दूर, हिंदी महासागराच्या मधोमध ही बेटं. त्यातलं सर्वांत मोठं डिएगो गार्सिया. १९६५ च्या सप्टेंबरात मॉरिशसचे नेते स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी लंडनला गेले. त्यांचे प्रमुख शिवसागर रामगुलाम ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांना भेटणार होते. त्या भेटीआधी विल्सनसाठी तयार केलेलं टिपण आता सर्वांना वाचायला मिळतं. रामगुलामांना आशा दाखवून घाबरवावं, असा त्याचा रोख होता: स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि बेटं सोडली नाहीत तर कदाचित मिळणार नाही ही भीती. रामगुलाम राजी झाले. ३० लाख पौंडांची भरपाई ठरली. ८ नोव्हेंबर १९६५ ला चागोस तोडून वेगळी वसाहत करण्यात आली, आणि तिथे लष्करी तळासाठी जागा पुढे अमेरिकेला मिळाली. १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या दीड-दोन हजार लोकांना हलवून मॉरिशस आणि सेशेल्सला आणून सोडलं. त्यांचे पाळीव कुत्रे गॅस देऊन मारले. ब्रिटिश कचेरीतल्या कागदांवर या माणसांचा उल्लेख ‘काही टारझन आणि मॅन फ्रायडे’ असा आहे. म्हणजे तिथे कायमची माणसं राहतच नव्हती, असं जगाला सांगता यावं.

धाकाने सोडायला लावलेली ती बेटं मॉरिशसने परत कशी मागितली, हे पाहण्यासारखं आहे. एकही जहाज पाठवलं नाही, कुणाला धमकी दिली नाही. २०१० मध्ये ब्रिटनने चागोसभोवती सागरी अभयारण्य जाहीर केलं. माशांची काळजी म्हणून जगभर टाळ्या पडल्या. मग विकिलीक्सने एक अमेरिकी तार बाहेर काढली. या अभयारण्यामुळे विस्थापितांचे परतीचे दावे जवळजवळ निकालात निघतील, असं ब्रिटिश अधिकारीच तिच्यात सांगत होते. मॉरिशस समुद्री कायद्याखालच्या लवादाकडे गेला आणि मार्च २०१५ मध्ये जिंकला. २०१७ मध्ये आफ्रिकी देशांना पुढे करून आमसभेतून प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे नेला. त्या ठरावाला ९४ विरुद्ध १५ मतं पडली. २५ फेब्रुवारी २०१९ ला न्यायालयाने १३ विरुद्ध १ असं मत दिलं, की स्वातंत्र्याआधी वसाहतीचा लचका तोडणं बेकायदा होतं आणि ब्रिटनने शक्य तितक्या लवकर तिथून निघावं. विरोधातलं एकमेव मत अमेरिकी न्यायाधीशांचं. २०२१ मध्ये जागतिक टपाल संघटनेने त्या ‘वसाहती’ची टपाल तिकिटं मान्य करणं बंद केलं. तिकिटासारख्या फुटकळ गोष्टीवरही कुणीतरी पोर्ट लुईत बसून अर्ज लिहीत होतं, हे मला सगळ्यांत आवडलं.

नशिबाचाही यात वाटा आहे, तो लपवू नये. २०१७ चं मतदान ब्रेक्झिटनंतरचं. युरोपातले जे देश एरवी ब्रिटनच्या पाठीशी उभे राहिले असते, त्यातले बरेच तटस्थ बसले. पण पाहुणा दाराशी आला तर घरात काहीतरी शिजलेलं लागतं. मॉरिशसच्या घरात ते होतं.

१९६१ मध्ये जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञाने या बेटाचं भविष्य काळंकुट्ट रंगवलं होतं. एकटी साखर, भरमसाट वाढणारी लोकसंख्या, आणि एकमेकांकडे संशयाने पाहणारे समाज. मीड यांना पुढे नोबेल मिळालं, पण हा अंदाज साफ चुकला. १९७० मध्ये निर्यात क्षेत्राचा कायदा झाला आणि कापड गिरण्या आल्या. १९७५ च्या करारात युरोपने साखरेला चढा भाव बांधून दिला. त्याच वर्षी मे महिन्यात शाळा-कॉलेजांची मुलं रस्त्यावर उतरली, आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण फुकट झालं. म्हाताऱ्यांना सरसकट पेन्शन तर स्वातंत्र्याच्या आधीपासून होती. निवडणुकीत हरलेली सरकारं मुकाट घरी जात. १९८२ मध्ये राष्ट्रपित्याचा मान असलेले रामगुलाम ६० विरुद्ध शून्य असे झोपले, तेव्हाही सत्ता शांतपणे दुसऱ्याकडे गेली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांत हे किती दुर्मीळ होतं, ते आजूबाजूचा नकाशा पाहिला की कळतं. दंडुकेशाही चालवणारा देश हेगला जाऊन वसाहतवादाच्या अन्यायावर बोलला असता, तर समोरच्या वकिलाने पहिल्या पाच मिनिटांत त्याच्याच तुरुंगांची यादी वाचली असती. मॉरिशसच्या बाबतीत ती सोय नव्हती.

लहान देशाला प्रगती हवी तर स्वातंत्र्याला थोडी कात्री लावावी लागते, असं सिंगापूरकडे बोट दाखवून सांगणारे आपल्याकडे खूप आहेत. दिवाणखान्यात तर विशेष. त्यांनी मॉरिशसची ही जमाखर्चाची वही उघडून बघावी.

पण वहीत खर्चाचं पानही आहे. १९६८ पासून आजपर्यंत पंतप्रधानपद रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घरांबाहेर एकदाच गेलं, २००३ ते २००५ या काळात, पॉल बेरांजे यांच्याकडे. ते एकटेच हिंदू नसलेले पंतप्रधान. २०१७ च्या जानेवारीत अनिरुद्ध जगन्नाथांनी राजीनामा दिला आणि खुर्चीवर मुलगा प्रविंद बसले. निवडणूक नाही, काही नाही. याच प्रविंद यांच्या कारकिर्दीत न्यूयॉर्कची ११६ मतं पडली. २०२१ मध्ये त्यांच्या सरकारने दंडसंहिता बदलली. चागोसवरच्या सार्वभौमत्वाबद्दल दिशाभूल करणारा नकाशा वगैरे छापला, तर १० वर्षांपर्यंत कैद. नकाशाच्या रेषेवरून संतापणं आपल्याला नवं नाही, पण जी बाजू न्यायालयात जिंकलेली आहे तिच्या रक्षणाला तुरुंगाची काय गरज, हे मला कळलेलं नाही. २०२० च्या जुलैत ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचं जहाज पॉइंट देस्नीजवळ प्रवाळावर चढलं. बारा दिवस ते तसंच अडकून राहिलं, मग तेल फुटलं. सरकार हलेना, तेव्हा बायामाणसांनी उसाचं पाचट पोत्यांत भरून तेल अडवायचे बांध शिवले. ऑगस्ट संपता संपता राजधानीत प्रचंड मोर्चा निघाला. त्याच वर्षी आर्थिक गुन्ह्यांवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने देशाला करड्या यादीत टाकलं होतं. तिथून सुटायला ऑक्टोबर २०२१ उजाडला.

शेवटी २०२४ चा ऑक्टोबर आला. ३ तारखेला ब्रिटनने चागोस परत द्यायचं मान्य केल्याची घोषणा झाली. पन्नासहून अधिक वर्षांचं स्वप्न, आणि निवडणूक तोंडावर. प्रविंद जगन्नाथांना वाटलं असणार, आता कोण हरवतंय. दोन-अडीच आठवड्यांत फोनवर चोरून ऐकलेल्या संभाषणांच्या ध्वनिफिती समाजमाध्यमांवर फिरू लागल्या. राजकारणी, पत्रकार, वकील, पोलीस अधिकारी, सगळ्यांचे आवाज. सरकारने निवडणूक होईपर्यंत समाजमाध्यमंच बंद करायचा हुकूम काढला आणि ओरड झाल्यावर दुसऱ्या दिवशी मागे घेतला. १० नोव्हेंबरला लोकांनी शिवसागर यांचे पुत्र नवीनचंद्र रामगुलाम यांच्या आघाडीला ६२ पैकी ६० जागा दिल्या. मुख्य बेटावरची एकही जागा सत्ताधाऱ्यांना मिळाली नाही, खुद्द पंतप्रधान पडले. घरातले फोन चोरून ऐकणाऱ्याने बाहेर कितीही मुलूख जिंकून आणला, तरी लोक त्याला ओवाळत नाहीत, हे त्यांना फार उशिरा कळलं.

या निकालाचं मला कौतुक वाटतं, आणि त्याच निकालात दोषही दिसतो. हरलेल्या आघाडीला एक चतुर्थांशाहून जास्त मतं होती. जागा शून्य. १९८२ आणि १९९५ नंतर हे तिसऱ्यांदा झालं. वीस मतदारसंघांत प्रत्येकी तीन आणि रॉड्रिग्ज बेटाला दोन, अशा ६२ जागा. जो जिंकला तो सगळंच घेऊन जातो. मग समतोलासाठी आठपर्यंत जास्तीचे खासदार ‘बेस्ट लूजर’ म्हणून, म्हणजे पडलेल्यांतले बरे म्हणून, आत घेतात. कुठल्या समाजाला कमी जागा मिळाल्या, ते बघून. त्यासाठी प्रत्येक उमेदवाराने अर्जात आपला समाज लिहायचा: हिंदू, मुसलमान, चिनी, किंवा ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. आकडेवारी कुठली? १९७२ च्या जनगणनेची. त्यानंतर समाजवार मोजणीच झाली नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांच्या हिशेबाने आजची संसद भरतात.

इथे आपला संबंध येतो, आणि मला वाटतं थोडा अवघडही. गिरमिटिया म्हणून मुंबई बंदरातून गेलेल्या कोकण-देशावरच्या मजुरांचे वंशज तिथे आहेत. घरात बोलतात क्रेओल ही फ्रेंचवरून आलेली बोली, पण शाळेत मराठी शिकता येतं आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. आपल्याकडून शिष्टमंडळं जातात, हार-तुरे होतात. तिथे एखादा मराठी नावाचा मंत्री झाला की इकडे लगेच अभिमानाचे संदेश फिरतात. घटनेत ही मंडळी ‘हिंदू’ या रकान्यात मोजलेली आहेत. मंत्रिमंडळ बनतं तेव्हा मात्र बिहारी मुळाचे किती, तमिळ किती, तेलुगू किती, मराठी किती, हा हिशेब उघडपणे होतो. आपण ज्याला अस्मितेचा गौरव समजतो, तो तिथल्या तरुणांना नकोसा झालेला कोटा असू शकतो. कोल्हापूर-साताऱ्याच्या तालुक्यातलं जातीचं गणित आपल्याला नकोसं वाटतं आणि तेच समुद्रापार गेलं की कौतुकाचं होतं, हे काही पटत नाही.

ही पद्धत उगाच आलेली नाही, हेही तितकंच खरं. स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी, जानेवारी १९६८ मध्ये, पोर्ट लुईत क्रेओल म्हणवणारे, मुख्यतः आफ्रिकी वंशाचे लोक आणि मुसलमान यांच्यात दंगली पेटल्या आणि ब्रिटिश फौज बोलवावी लागली. अल्पसंख्याकांना संसदेत जागेची हमी हवी होती. ती भीती खोटी नव्हती, आजही सगळी खोटी नाही. म्हणून ‘पद्धत रद्द करा आणि मोकळे व्हा’ असं म्हणणाऱ्यांबरोबर मी नाही. पण २००२ मध्येच दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांच्या आयोगाने एक वाट सुचवली होती. मतांच्या प्रमाणात वाटलेल्या ३० जागा वाढवा. लहान गटांना जागा मिळतील आणि कुणाला जात-धर्म लिहावा लागणार नाही. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने सांगितलं, की उमेदवाराला समाज जाहीर करायला भाग पाडणं हा नागरी हक्कांच्या कराराचा भंग आहे. तक्रार केली होती ‘रेझिस्तान्स एक आल्तेर्नातिव’ या छोट्या डाव्या पक्षाच्या लोकांनी. सरकारने २०१४ मध्ये एका निवडणुकीपुरती सूट दिली, २०१८ मध्ये दुरुस्ती आणली आणि तीन चतुर्थांश बहुमत नाही म्हणून ठेवून दिली.

म्हणजे संयुक्त राष्ट्रांची आमसभा मॉरिशसच्या बाजूने बोलली, तर तो शब्द ब्रिटनला बांधील असला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांचीच समिती मॉरिशसच्या विरोधात बोलली, तर बघू, बहुमत झालं की. दोन्ही मतं कायद्याच्या काटेकोर भाषेत सल्ल्याचीच, हे मला माहीत आहे. पण सल्ला ऐका म्हणून जगभर दारं ठोठावणाऱ्याने स्वतःला आलेला सल्ला बारा-तेरा वर्षं खुंटीला टांगावा, हे दिसतं तसं दिसतं. आता तर सबबही उरलेली नाही. सरकार ६० जागा घेऊन आलं, आणि ज्या पक्षाने ती तक्रार केली होती तोच आघाडीत सामील होऊन आला, त्याचे अशोक सुब्रों मंत्री झाले.

सरकार अडकलंय पैशांत. जून २०२५ च्या अर्थसंकल्पात देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या आसपास असल्याचं सांगितलं गेलं, आणि पेन्शनचं वय टप्प्याटप्प्याने ६० वरून ६५ वर न्यायचं जाहीर झालं. प्रचारात हे कुणी बोललं नव्हतं, म्हणून लोक भडकले. त्यांचं भडकणं समजू शकतं. दोन निवडणुकांत पेन्शनचा लिलाव झाला होता: २०१४ ला पाच हजार रुपये, २०१९ ला नऊ हजार आणि पुढे साडेतेरा हजारांचं वचन. कुठल्या राज्याची गोष्ट सांगतोय, असं वाचणाऱ्याला वाटलं तर माझा दोष नाही. लोकसंख्या म्हातारी होतेय, मुलं कमी होतायत. वय वाढवणं माझ्या मते अटळ होतं. चूक झाली ती मतं मागताना गप्प राहण्यात.

आणि यातच चागोसचा पैसा आला. २२ मे २०२५ ला करार झाला. बेटं मॉरिशसची, डिएगो गार्सिया ९९ वर्षं ब्रिटनकडे भाड्याने, भाडं वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड. ते अर्थसंकल्पात आधीच धरून टाकलं गेलं, पहिली वर्षं कर्जफेडीसाठी. तिकडे लंडनमध्ये विरोधकांनी करारावर झोड उठवली. ट्रम्प यांनी आधी मान डोलावली आणि जानेवारी २०२६ मध्ये त्याच कराराला महामूर्खपणा म्हणून मोकळे झाले. बाजारात तुरी म्हणतात ती अवस्था. पण समजा सगळं सुरळीत होऊन भाडं आलं, तरी माझी शंका कायम राहील. भाड्यावर जगायची चटक या बेटाला पूर्वी लागलेली आहे. दलाल स्ट्रीटवर मॉरिशस म्हणजे एक मार्ग होता: १९८२ च्या करारामुळे तिथली पाटी लावून आलेल्या पैशाला इथे शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर लागत नसे. वर्षानुवर्षं भारतात येणाऱ्या परकी गुंतवणुकीत हा चिमुकला देश पहिल्या नंबरावर. मे २०१६ मध्ये भारताने करार बदलला आणि ती पाटी बरीचशी निरुपयोगी झाली. साखरेचा युरोपी भावही असाच एक दिवस गेला. दुसऱ्याच्या मर्जीवर येणारा पैसा घरातली अवघड कामं पुढे ढकलायला फार सोयीचा असतो. भारतही यात निव्वळ दाता नाही. मेट्रोला मदत, सर्वोच्च न्यायालयाची इमारत, फेब्रुवारी २०२४ मध्ये मॉरिशसच्याच आगालेगा बेटावर धावपट्टी आणि धक्का. तिथे नेमकं काय चालणार हे मॉरिशसच्या संसदेत विचारलं गेलं, तेव्हा उत्तरं मोघम मिळत होती. एका बेटावरच्या परक्या तळाविरुद्ध अर्धशतक लढलेल्या देशाने दुसऱ्या बेटाबद्दल स्वतःच्या नागरिकांशी सरळ बोलावं, एवढी अपेक्षा भारताचा मित्र म्हणूनही करता येते.

ज्यांच्या नावाने हे सगळं झालं, त्यांचं काय झालं? १९७३ मध्ये शेवटच्या बोटींपैकी एक पोर्ट लुईला लागली, तेव्हा चागोसचे लोक उतरायलाच तयार नव्हते, कारण राहायला घर नव्हतं. त्यांच्या पुनर्वसनासाठी ब्रिटनने १९७२ मध्ये साडेसहा लाख पौंड दिले. मॉरिशस सरकारने ते वाटले १९७७-७८ मध्ये, महागाईने निम्मेशिम्मे खाऊन झाल्यावर. रोश ब्वा, कासीस अशा वस्त्यांत ही माणसं राहिली, मोलमजुरी करत. ज्यांना ब्रिटिश पासपोर्ट मिळाला, त्यातले अनेक लंडनजवळच्या क्रॉलीत गेले, आणि त्यांच्यातले कित्येक आज या कराराच्या विरोधात आहेत. आम्हाला कुणी विचारलंच नाही म्हणतात. त्यांच्या सगळ्या मागण्या मला पटत नाहीत, ही तक्रार मात्र खरी आहे. लोकांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्कावर खटला जिंकला, आणि वाटाघाटींच्या टेबलाशी त्या लोकांसाठी खुर्ची नव्हती.

करारानुसार डिएगो गार्सिया सोडून इतर बेटांवर वस्ती करायची मुभा मॉरिशसला आहे. समजा उद्या रोश ब्वातली एखादी बाई, जिच्या आजीला बोटीत घालून आणलं, ती चागोसमधल्या पेरोस बान्होसवर परत जाऊन राहिली, आणि तिथल्या लोकांसाठी बोलायचं म्हणून संसदेच्या निवडणुकीला उभी राहिली. उमेदवारी अर्जात तिला समाजाचा रकाना भरावा लागेल. चागोसचे रहिवासी असा पर्याय तिथे नाही. हिंदू नाही, मुसलमान नाही, चिनी नाही. मग राहिला चौथा रकाना, ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. घटनेच्या पहिल्या परिशिष्टात त्याची व्याख्या दिलेली आहे: ज्यांच्या राहणीवरून ते वरच्या तिन्हींपैकी कुठल्याच समाजाचे वाटत नाहीत, ते.